हळू की चालू? साखर कारखान्याच्या मिल हाऊससाठी वॉकी-टॉकी निवडताना

जानेवारीतली रात्रपाळी. गाळप जोरात, यार्डात ट्रॅक्टरच्या रांगा, आणि उसाचे तंतू मोकळे करणाऱ्या फायबरायझरच्या तोंडाशी उसाचा चोकअप, म्हणजे ऊस तुंबलेला. ऊस वाहून नेणारा कॅरिअर थांबवून, वीज तोडणारा आयसोलेटर काढून, त्याला कुलूप लावून फिटरांनी अडकलेला ऊस मोकळा केला, कुलूप काढलं, सगळे प्लॅटफॉर्मवरून बाजूला झाले. मग फोरमननी वॉकी-टॉकीवरून वरच्या कॅरिअर केबिनला सांगितलं, "हळू करा, हळू." केबिनमधल्या ऑपरेटरला ऐकू आलं, "चालू करा, चालू." त्याने कॅरिअर नेहमीच्या वेगाने सोडला. कॅरिअरवर साठलेला उसाचा ढीग एकदम फायबरायझरवर आला आणि पुन्हा चोकअप. या वेळी 40 मिनिटं गेली. दिवसाला 5000 टन गाळणाऱ्या आमच्या कारखान्यात तासाला साधारण 208 टन ऊस जातो. म्हणजे एका शब्दापायी जवळजवळ 140 टनांचं गाळप खोळंबलं.

कुणाला इजा झाली नाही, कारण माणसं आधीच बाजूला झाली होती आणि कुलपाची शिस्त पाळली होती. वॉकी-टॉकीवरच्या शब्दावर विसंबून कुणीही कॅरिअरवर किंवा रोलरपाशी हात घालू नये, हे आमच्याकडे पहिल्यापासून ठरलेलं आहे आणि पुढचं सगळं वाचताना तेच गृहीत धरा. उत्तम संच घेतला तरी तो कुलपाची जागा घेत नाही.

मी इन्स्ट्रुमेंट विभागात. दुसऱ्या दिवशी सकाळी चीफ इंजिनिअर साहेबांनी बोलावून सांगितलं, "जास्त वॅटचे, मोठ्या आवाजाचे सेट बघा." मलाही तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं. पुढच्या दीड महिन्यात जे तपासलं त्यातून कळलं, की आमचा प्रश्नच चुकीचा होता. त्या शोधाची ही नोंद आहे. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत, सूतगिरण्यांत, खडी क्रशरवर हाच प्रश्न याच चुकीच्या पद्धतीने विचारला जातो, म्हणून ती सविस्तर लिहितो.

आवाज नेमका कुठे शिरतो?

गोंगाटात बोलणं कळत नाही याची कारणं चार ठिकाणी असू शकतात. बोलणाऱ्याच्या माइकमध्ये शब्दांबरोबर गोंगाट शिरतो. हवेतून जाणाऱ्या लहरींत विजेच्या उपकरणांची खरखर मिसळते. संचाचा रिसीव्हर शेजारचे प्रबळ सिग्नल गाळू शकत नाही. किंवा सगळं नीट पोचतं, पण ऐकणाऱ्याच्या कानापाशीच गोंगाट त्याला गिळतो. या चारांवर चार वेगळे उपाय आहेत. वॅट वाढवल्याने फार तर दुसऱ्यावर थोडा उतारा मिळतो.

ते वेगळं करायला कसलंही महागडं यंत्र लागलं नाही. साफसफाईसाठी मिल बंद असलेल्या दिवशी दोघांनी आपापल्या जागी उभं राहून बोलून पाहिलं. शब्द न् शब्द स्वच्छ. मग गाळप चालू असताना संच मुद्दाम कमी शक्तीवर, 1 वॅटवर ठेवून पाहिला. 4 वॅटच्या तुलनेत काहीही फरक नाही. मिल हाऊस ते कॅरिअर केबिन हे अंतरच एवढं थोडं आहे, की पत्र्याच्या शेडमधूनही 1 वॅट पुरून उरतो. वॅटचा मुद्दा तिथेच निकालात निघाला.

लहरींमधल्या खरखरीसाठी संचावरचं मॉनिटरचं बटण दाबून स्क्वेल्च, म्हणजे सिग्नल नसताना स्पीकर बंद ठेवणारी सोय, उघडा ठेवला आणि मिलच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या डीसी ड्राइव्हच्या पॅनेलपासून चालत गेलो. जुन्या व्हीएचएफ (कमी फ्रिक्वेन्सीच्या) संचावर पॅनेलजवळ दूरच्या यार्डातलं बोलणं खरखरीत बुडायचं. दहा-बारा पावलं लांब गेलं की वर यायचं. यूएचएफ (जास्त फ्रिक्वेन्सीच्या) संचावर हा त्रास जवळपास नव्हता. ड्राइव्हमधून बाहेर पडणारी खरखर फ्रिक्वेन्सी वाढेल तशी कमी होत जाते. शिवाय व्हीएचएफची लहर सुमारे 2 मीटर लांबीची आणि यूएचएफची सुमारे 70 सेंटिमीटर. लोखंडी गर्डर, पत्रे आणि दारांच्या फटींमधून छोटी लहर सहज वाट काढते. मोकळ्या रानात, शेती विभागाच्या गटांसाठी व्हीएचएफ चांगलं. शेडच्या आत यूएचएफ.

खरी गोष्ट पुढच्या दोन चाचण्यांत निघाली. आधी बोलणारा फायबरायझरपाशी आणि ऐकणारा गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर, निवांत. मग उलट: बोलणारा हिरवळीवर, ऐकणारा फायबरायझरपाशी. दोन्ही वेळा बोलणं कळेना, पण कळेना ते वेगवेगळ्या तऱ्हेने. पहिल्या वेळी हिरवळीवर संचातून मोठ्ठा घरघराट आणि त्यात कुठेतरी माणूस. दुसऱ्या वेळी संच स्पष्ट बोलत होता, कानाला चिकटवला की कळायचंही, पण कमरेला लावला की ओठ हलवणाऱ्या माणसाकडे काचेतून बघावं तसं वाटायचं. म्हणजे आमचं दुखणं पहिल्या आणि चौथ्या ठिकाणी होतं: माइकपाशी आणि कानापाशी. रेडिओ म्हणून जो काही भाग आहे, तो दोन्ही वेळा ठीकच होता.

सेफ्टी ऑफिसरकडचा ध्वनिमापक घेऊन पाहिलं. यार्डात 80 ते 85 डेसिबल, मिलच्या मधल्या वाटेवर 94 ते 96, फायबरायझरपाशी शंभराच्या वर, केबिनमध्ये दार लावून 72. मोबाइलवरच्या ॲपने हेच आकडे पाच-सात डेसिबलने वरखाली दाखवले, त्यामुळे ॲपवर विसंबून खरेदी करू नका. कारखान्यांच्या नियमांत 90 डेसिबलला आठ तास, 95 ला चार, 100 ला दोन तास अशी मर्यादा आहे. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याने कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांमध्ये आहे. वॉकी-टॉकी निवडायला निघालो आणि आधी माणसांच्या कानांशी येऊन थांबलो.

'हळू' हा शब्दच का बुडाला

मराठी म्हणून मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. रेडिओबद्दलच्या बहुतेक सूचना इंग्रजी शब्द डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात.

शब्दाची ओळख व्यंजनात असते, आणि बरीच व्यंजनं कमी ताकदीची व उंच पट्टीची असतात. स्वर दणकट असतात, ते गोंगाटातूनही टिकतात. वॉकी-टॉकीचा ध्वनी साधारण 300 ते 3000 हर्ट्झच्या पट्ट्यातच जातो. 'चालू'मधला 'च' चहातला नाही, चाकातला आहे; त्याची सगळी ओळख दातांमागून निघणाऱ्या फुसकाऱ्यात, म्हणजे 3000 हर्ट्झच्या वरच. ती संचातच कापली जाते. 'हळू'मधला 'ह' तर निव्वळ श्वास. फायबरायझरपुढे तो कुठला टिकतोय. उरतात '–आलू' आणि '–अळू'. त्यात घाईत बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात झाली, तर पहिलं अक्षर मुळातच जात नाही: समोरच्या संचावर सीटीसीएसएस टोन, म्हणजे आपल्याच गटाचं बोलणं ओळखायची खूण, लावलेला असेल तर तो टोन ओळखून स्पीकर उघडायला सेकंदाचा एक बारीक तुकडा लागतो. तेवढ्यात 'ह' किंवा 'च' निघून गेलेला असतो.

आणखी एक. आमचे फोरमन, सगळे त्यांना मामा म्हणतात, तिसाहून जास्त हंगाम मिलवर काढलेले. गोंगाटाने जाणारी श्रवणशक्ती सुरुवातीला नेमकी 4000 हर्ट्झच्या आसपास जाते, म्हणजे व्यंजनांच्याच पट्ट्यात. मामांना माणसाचा आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाहीत. म्हणून ते संचाचा आवाज पूर्ण वर ठेवतात आणि स्वतःही ओरडतात. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रान्सच्या एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये नोंदवून ठेवलं आहे. पण संचात ओरडलेला शब्द आवाजाला मर्यादा घालणाऱ्या लिमिटरवर आपटतो आणि आणखी चपटा होतो. माइक तोंडाजवळ आणून नेहमीच्या आवाजात बोललेलं जास्त कळतं. हे मामांना पटायला मी त्यांचाच आवाज दोन्ही प्रकारे रेकॉर्ड करून ऐकवला. ऐकून ते गप्प बसले, आणि मग म्हणाले, "म्हणजे एवढी वर्षं मी उगंच घसा फोडला व्हय?"

संच पाहायला सुरुवात

विक्रेत्यांकडून चार प्रकारचे संच आठवडाभर चाचणीसाठी मागितले. गंमत म्हणजे माहितीपत्रकात पहिल्या ओळीला वॅट आणि किलोमीटर असतात आणि आम्हाला हवी ती माहिती शेवटच्या पानावर. तिथे पाहायचं ते ध्वनीची शक्ती आणि त्या शक्तीला होणारी विकृती. अर्ध्या वॅटचा स्पीकर 1 वॅटचा झाला तर वाढतात 3 डेसिबल. कानाला जाणवतं, पण जेमतेम. त्याच पैशात काय होऊ शकतं ते बघा: संच कमरेला असताना तो कानापासून सुमारे 70 सेंटिमीटरवर असतो. खांद्यावर लावायचा स्पीकर-माइक घेतला तर अंतर 17-18 सेंटिमीटर. अंतर निम्मं झालं की मोकळ्यावर 6 डेसिबल मिळतात. इथे ते दोनदा निम्मं झालं, म्हणजे 12 डेसिबल. स्पीकरची शक्ती सोळापट करावी एवढा हा फायदा, आणि बोलताना माइकही आपोआप तोंडाजवळ येतो. यार्डातल्या, अनलोडरवरच्या आणि वजनकाट्यावरच्या माणसांचा प्रश्न इथेच सुटला. त्यांना धूळ-पाण्याला दाद न देणारा, आयपी 67 दर्जाचा साधा यूएचएफ संच आणि खांद्यावरचा स्पीकर-माइक दिला. हिवाळ्यात पहाटे दव आणि दिवसभर बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, भुकटी, त्यामुळे आयपी 54 चे जुने संच दोन हंगामांत बसले होते.

मिलच्या आत मात्र हा उपाय अपुरा पडला. भोवती 96 डेसिबल असताना शब्द कळायचे तर स्पीकरला कानाशी त्याच्याही वर जावं लागतं. म्हणजे ऐकवण्याच्या नादात आपणच कान मारणार. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण उत्तर उलटं आहे: गोंगाटात ऐकू यायला आधी कान झाकायला हवेत. चांगल्या इअरमफने कागदावर 25 डेसिबलपर्यंत आवाज कमी होतो, प्रत्यक्षात त्याहून कमी. 20 धरले तरी 96 चे 76 होतात. आता मफच्या आतल्या छोट्या स्पीकरने 82 डेसिबलच्या आसपास बोललं तरी शब्द वर तरंगतो, आणि चांगले हेडसेट आतला आवाज साधारण तिथेच अडवतात. मोठ्या आवाजाचा संच घेण्याची कल्पना मी त्या दिवशी सोडून दिली.

हेडसेटवर तोंडासमोर येणारी दांडी, तिच्या टोकाला नॉइज-कॅन्सलिंग माइक. याची युक्ती साधी आहे. या माइकच्या पडद्याला पुढून आणि मागून, दोन्हीकडून हवा लागते. लांबून येणारा घरघराट दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच पोचतो आणि पडदा हलत नाही. ओठांपाशी निघालेला शब्द पुढच्या बाजूला जोरात आणि मागच्या बाजूला हलका पोचतो, म्हणून तो तेवढा उचलला जातो. पण यात दोन अटी आहेत. माइक ओठांपासून एक-दोन बोटांवर हवा. चार बोटं लांब गेला की तो शब्दही गोंगाटाबरोबर पुसून टाकतो. आणि मागचं भोक मोकळं हवं. एका फिटरने माइक पडू नये म्हणून त्याला इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि दोन दिवस आम्ही हेडसेट खराब आला म्हणून विक्रेत्याशी भांडत होतो.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी पहिल्या तासातच बंद केल्या. व्हॉक्स, म्हणजे आवाजावर आपोआप चालू होणारं प्रसारण: फायबरायझरलाच तो माणूस समजतो आणि चॅनल अडवून बसतो. दुसरी, माइकचं एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय: माणूस दोन शब्दांमध्ये थांबला की ते माइकची संवेदनशीलता वाढवतं आणि तेवढ्यात गोंगाट आत ओढून घेतं.

डिजिटल की अॅनालॉग

यावर आमच्याकडे बरीच ओढाताण झाली. डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ प्रकारच्या संचात 12.5 किलोहर्ट्झच्या एका चॅनलवर दोन संभाषणं चालतात, बॅटरी जास्त टिकते, आणि सिग्नल कमी झाला तरी खरखर येत नाही. हे सगळं खरं आहे. पण डिजिटल संच तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. आतला व्होकोडर आवाजाचा माणसाच्या कंठाशी जुळेल असा सारांश काढतो आणि सेकंदाला साधारण अडीच हजार बिटांत तो बसवतो. माइकमध्ये माणसाबरोबर फायबरायझर शिरला, तर तो बिचारा दोघांचा मिळून सारांश काढतो. चाचणीत हातात धरलेल्या डिजिटल संचावरून पाण्याखालून बोलल्यासारखं ऐकू आलं. त्याच जागी अॅनालॉगवर गोंगाट होता, पण कान लावला की शब्द सापडायचा.

हा अनुभव आमच्यापुरता नाही. अमेरिकेत डिजिटल संच आल्यावर अग्निशमन दलांकडून अशाच तक्रारी आल्या आणि 2008 मध्ये तिथल्या वाणिज्य खात्याच्या दूरसंचार संशोधन शाखेने चेन-सॉ, धोक्याची घंटा अशा आगीच्या जागेवरच्या गोंगाटात संच तपासले. काही गोंगाटांत डिजिटल संच अॅनालॉगच्या मागे पडले. त्यानंतर व्होकोडर आणि गोंगाट गाळण्याची तंत्रं सुधारली आहेत, हे आम्हालाही दिसलं. तोच डिजिटल संच नॉइज-कॅन्सलिंग हेडसेटला जोडला तेव्हा बोलणं एकदम स्वच्छ झालं, अॅनालॉगपेक्षाही.

माझं मत असं झालं: डिजिटल की अॅनालॉग हे माइक ठरवतो. हातातल्या संचावर गोंगाटात काम करायचं असेल तर अॅनालॉग. तोंडाजवळचा माइक नक्की वापरला जाणार असेल तर डिजिटल. आम्ही दोन्ही पद्धतींवर चालणारे संच घेतले, मिलचा चॅनल पहिल्या हंगामापुरता अॅनालॉगवर ठेवला आणि यार्ड व शेती विभाग डिजिटलवर नेले. हेडसेटची सवय लागेपर्यंत कुणीतरी तो काढून संच हातात धरून बोलणारच, हे मला माणसं ओळखून ठाऊक होतं.

आसवनीचं वेगळं

डिस्टिलरीसाठी यातलं काहीच चालत नाही. इथेनॉलच्या वाफा असलेल्या भागात साधा संच नेणं म्हणजे बॅटरीच्या संपर्कातली ठिणगी तिथे नेणं. तिथे इन्ट्रिन्सिकली सेफ, म्हणजे वाफा पेटवेल अशी ठिणगी पडू न देणारा संच, आणि तो पेसो, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता असलेला. मान्यता संच, बॅटरी आणि हेडसेट या तिघांच्या जोडीला असते. त्यात दुसऱ्या संचाची बॅटरी बसवली की मान्यता संपली. बॅटरी बदलायची ती त्या भागाच्या बाहेर. हे संच महाग असतात आणि त्यांची शक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. आम्ही त्यांना लाल पट्टी लावली आणि चार्जरही आसवनीच्या ऑफिसातच ठेवला, म्हणजे मिलवाल्यांशी अदलाबदल होणार नाही.

परवान्याचंही याच वेळी मार्गी लावलं. आमच्याकडे ऑनलाइन मागवलेले काही स्वस्त संच होते, ज्यांना ना उपकरणाची मान्यता होती ना आम्हाला त्या फ्रिक्वेन्सीचा परवाना. ते बाजूला काढले. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीचे संच परवान्याशिवाय वापरता येतात, पण संचाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागतेच. लहान कारखान्याला, लग्नाच्या मांडवाला ते पुरेसं आहे. आमच्यासारख्या पसरलेल्या आवाराला मात्र स्वतःची फ्रिक्वेन्सी आणि रीतसर परवाना घ्यावा. वेळ लागतो, म्हणून अर्ज हंगाम संपताच करावा.

हंगामात काय झालं

हेडसेटची किंमत संचापेक्षा जास्त निघाली. खरेदी समितीला हे पटवणं सगळ्यात अवघड गेलं. शेवटी मी माहितीपत्रकं बाजूला ठेवून समितीच्या दोन संचालकांनाच फायबरायझरपाशी नेलं. एकदा जुना संच दिला, एकदा हेडसेट, आणि केबिनमधल्या ऑपरेटरला त्यांना आकडे सांगायला लावले: सात, साठ, आठ, सतरा. जुन्या संचावर त्यांनी 'साठ'चे 'आठ' केले. त्याच दिवशी सही झाली.

मग अडचण आली ती मफलरची. रात्रपाळीला थंडीत डोक्याला मफलर किंवा टॉवेल गुंडाळायची आमच्या माणसांची पद्धत. त्यावरून मफ चढवला की फट राहते आणि सगळा फायदा गळून जातो. हेल्मेटला बसणारे मफ घेतले, कान मोकळे ठेवून घालायच्या पातळ टोप्या दिल्या, तेव्हा जमलं. गाद्या घामाने खराब होतात, दर हंगामाला बदलायच्या. कान झाकल्यावर भोंगा ऐकू येणार नाही ही भीती रास्त होती, म्हणून भोंग्याच्या जोडीला फिरते लाल दिवे बसवले आणि दोन फोरमनना बाहेरचा आवाज मर्यादेत आत सोडणारे मफ दिले.

शब्दही बदलले. मिलच्या चॅनलवर 'हळू' आणि 'चालू' दोन्ही बंद. आता थांबवायला "बंद, बंद, बंद", वेग घटवायला "वेग कमी", सोडायला "कॅरिअर चालवा". अक्षरांची संख्या वेगळी, स्वर वेगळे. व्यंजनं बुडाली तरी ठेका ओळखू येतो. 'स्टॉप' आणि 'स्टार्ट' मुद्दाम घेतले नाहीत, सुरुवात एकच आहे. आकडा एकेक अंक सुटा सांगायचा: साठ म्हणजे "सहा, शून्य". बटण दाबून एक श्वास थांबायचं, मग बोलायचं. आणि ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत म्हटल्याशिवाय हात लिव्हरला लावायचा नाही.

या हंगामात मिलच्या चॅनलवर ऐकण्याच्या चुकीने एकही चोकअप झालेला नाही. मामांची ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, करून घेतली. त्यांना आता मिलच्या मधल्या वाटेवर चार तासांच्या वर ठेवत नाही. टर्बाईनच्या मजल्यावर मात्र प्रश्न बाकी आहे. तिथे वाफेची शिट्टी नेमकी व्यंजनांच्याच पट्ट्यात वाजते आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की दांडीचा माइकही हात टेकतो. रणगाड्यातली माणसं वापरतात तसा गळ्याला लागणारा माइक, जो हवेतला आवाज न घेता कंठाची थरथर घेतो, तिथे करून बघायचा आहे. त्यात 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत, त्यामुळे तिथले शब्द पुन्हा वेगळे निवडावे लागतील. ऑक्टोबरात बॉयलरचं अग्निप्रदीपन होण्याआधी यादी तयार हवी, मामा आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यावर बसतो.